बारकोडातलं ६६६ आणि चुकलेला हिशोब

परवा मावशीने अल्तारवरच्या मेणबत्त्यांच्या पाकिटावरचा बारकोड नखाने खरवडून काढला. कारण पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर फिरणारा तो मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. ६ हा सैतानाचा आकडा, ७ देवाचा. प्रत्येक बारकोडातल्या तीन लांब जोडरेघा म्हणजे ६-६-६. हिब्रूत डब्ल्यूची किंमत ६, म्हणून वेबसाइटच्या पत्त्यातले तीन डब्ल्यू म्हणजे पुन्हा ६६६. आणि हातावर किंवा कपाळावर श्वापदाची, म्हणजे सैतानाच्या साथीदाराची, खूण असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता किंवा विकता येणार नाही, हे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायातलं भाकीत आता खरं होतंय. दहा जणांना पाठवा.

आधी बारकोड, कारण तो हातात घेऊन बघता येतो. बिस्किटाचा कुठलाही पुडा घ्या. दोन टोकांना आणि मधोमध बारीक रेघांच्या तीन जोड्या जरा खाली उतरलेल्या दिसतील. त्यांच्या वाट्याला एकही आकडा छापलेला नाही, कारण त्या आकडे नाहीतच. इथे सुरुवात, इथे मध्य, इथे शेवट, एवढंच त्या स्कॅनरला सांगतात. बारकोडातला प्रत्येक आकडा सात सारख्या पट्ट्यांचा असतो. टोकाची खूण तीन पट्ट्यांची, मधली पाचांची. मग त्यांचा सहा होणार कसा? गोंधळ कुठून आला तेही दिसतं. उजव्या अर्ध्यातला ६ अशाच बारीक जोडीने सुरू होतो, पण पुढच्या चार कोऱ्या पट्ट्याही त्याच आकड्याचा भाग असतात. मेसेज लिहिणाऱ्याने रेघा मोजल्या, कोरी जागा मोजली नाही. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी एका दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला, तो च्युइंगगमच्या पाकिटावरचा. श्वापदाने सुरुवात फारच गोड केली म्हणायची.

डब्ल्यूचं तर हसूच येतं. हिब्रूतल्या 'वाव' या अक्षराची किंमत ६ आहे, हे खरं. पण हिब्रूत अक्षरांच्या किमती शेजारीशेजारी मांडत नाहीत, त्यांची बेरीज करतात. तीन वाव म्हणजे १८. आणि १८ ही 'जिवंत' या अर्थाच्या हिब्रू शब्दाची बेरीज आहे, म्हणून ज्यू लोक आहेराची किंवा देणगीची रक्कम आवर्जून १८च्या पटीत देतात.

मूळ चूक इथेच आहे, आणि मेसेजमधल्या बाकीच्या चुका तिच्याच पोटी जन्मल्या आहेत. प्रकटीकरण लिहिलं गेलं ग्रीकमध्ये, पहिल्या शतकात. त्या काळी एकक-दशक-शतकाच्या घरांत एकच अंक तीनदा लिहायची पद्धतच नव्हती. ग्रीकांकडे ६००चं अक्षर वेगळं, ६०चं वेगळं, ६चं वेगळं. त्यामुळे त्या पानावर तीन सहा कुणाला दिसलेच नाहीत. दिसली ती सहाशे सहासष्ट ही एक रक्कम. रिक्षाच्या काचेवरचं ७८६ आठवा. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अब्जद, म्हणजे अरबी अक्षरांना आकडे द्यायच्या, पद्धतीने येणारी ती बेरीज. सात, आठ, सहा असं सुटं करून कुणी त्याचा अर्थ लावत नाही. हिब्रू आणि ग्रीक पद्धत याच कुळातली. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या भिंतीवर कुणा पठ्ठ्याने लिहून ठेवलंय, जिचा अंक ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे. कोण ते ज्याला कळायचं त्याला कळलं असेल. प्रकटीकरणही वाचकाला हेच सांगतं: बुद्धी असेल त्याने हिशोब करावा, ही माणसाची संख्या आहे.

मग माणूस कोण? बहुतेक अभ्यासकांचं बोट रोमचा सम्राट नीरो याच्याकडे जातं. 'नेरोन केसर', म्हणजे सम्राट नीरो, हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. यावर आक्षेप आहेत. नीरो सन ६८ मध्ये मेला आणि प्रकटीकरण साधारणपणे सन ९५च्या आसपासचं मानतात. शिवाय दुसऱ्या शतकातल्या संत इरेनियसने काही नावं सुचवली, त्यांत नीरो नाही. पण नीरो परत येणार ही अफवा तो मेल्यावरही बरीच वर्षं चालू होती, आणि श्वापदाची एक जखम जीवघेणी असूनही बरी झाली असं तोच अध्याय सांगतो.

मला पटवून गेला तो वेगळाच पुरावा. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ नाहीच, ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेला, तिसऱ्या-चौथ्या शतकातला पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा) एक तुकडा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही ६१६. इरेनियसलाही हा आकडा माहीत होता, त्याने तो चुकीचा ठरवला होता. आता नेरोनचं लॅटिन रूप 'नेरो' घ्या. शेवटचा न गळाला, ५० वजा झाले, उरले ६१६. एकच नाव दोन्ही आकडे सोडवतं. तीन सहांचा सिद्धांत ६१६पुढे गप्प बसतो.

६ सैतानाचा आणि ७ देवाचा, हेही इतकं सरळ नाही. प्रकटीकरणात सात मंडळ्या, सात शिक्के, सात कर्णे आहेत, साताला तिथे वजन आहेच. पण अजगराला डोकी सात आणि श्वापदालाही सातच. उलट बायबलमधल्या शलमोन राजाकडे एका वर्षात आलेलं सोनं सहाशे सहासष्ट किक्कार, म्हणजे वजनाचं जुनं माप (१ राजे १०:१४), आणि एज्राच्या पुस्तकातल्या यादीत बाबेलहून परतलेले अदोनीकामाचे वंशज सहाशे सहासष्ट. त्या बिचाऱ्यांना कुणी सैतानाचं कुटुंब म्हटलं नाही.

राहिली हातावरची आणि कपाळावरची खूण. मेसेज १३व्या अध्यायाच्या १८व्या ओवीवर थांबतो. अध्यायांचे आकडे मूळ पुस्तकात नव्हते, ते मध्ययुगात घातले गेले; म्हणजे पहिले वाचक तिथे न थांबता पुढे वाचत गेले. लगेच पुढचीच ओळ आहे: कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, एक लक्ष चव्वेचाळीस हजार लोक उभे आहेत, आणि त्यांच्या कपाळांवर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. ही खूण बारकोडची किंवा चिपची आहे असं कुणीच म्हणत नाही. मावशीला मी ती ओळ वाचून दाखवली. तिने जरा विचार केला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "दृढीकरणाच्या संस्काराला बिशपांनी तेल लावलं होतं, ते इथेच."