‘तीन आठवड्यांत दिवा लागला’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या जुन्या डिझेल गाडीबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. साठच्या पुढे गाडी मागून घरघरते, तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला, आणि हीच कॉम्पॅक्ट एसयूव्ही दुसरीकडे कमी किलोमीटरची, शिवाय स्वस्तात मिळत होती. पहिल्या बाबतीत चूक सर्वस्वी आमची, दुसऱ्यात निम्मी. तिसरं मात्र आम्हाला पटलेलं नाही.

आधी घरघर. तपासणीच्या कागदावर मागच्या टायरच्या नक्षीची खोली 4.5 मिमी लिहिली आहे. 1.6 मिमीला टायर बाद धरतात, म्हणजे आकडा चांगला दिसतो. पण ते माप मधल्या खोबणीतलं आहे, आतली कड आम्ही पाहिलीच नाही. तिथे तळहात फिरवून बघा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दात्यांसारखं लागेल. शॉक ॲब्सॉर्बर ढिले पडले किंवा टायर वेळच्या वेळी पुढचे मागे केले नाहीत, की अशी झीज होते आणि चाकाचं बेअरिंग गेल्यासारखा आवाज येतो. बेअरिंगचा आवाज सहसा स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे केल्यावर कमी-जास्त होतो. तुमचा आवाज नव्या डांबरावर कमी होतो असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणजे संशय टायरवरच. त्यांच्या बाजूला 3018 छापलेलं आहे, म्हणजे 2018 सालचा तिसावा आठवडा. ही तारीख कागदावर यायलाच हवी होती. मागचे दोन्ही टायर आमच्या खर्चाने बदलून देतो, पण आधी शॉक तपासू. ते गेलेले असतील तर नवे टायरही तसेच खाल्ले जातील.

आता दिवा. फिल्टर सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवतो आणि साधारण 600 अंशांना ती जाळून टाकतो. रोज चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर ते तापमान येतच नाही. काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली की त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरतं, हे जास्त वाईट. म्हणून आज डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी हलवू नका, आम्ही येऊन ऑइल बदलू. पातळी ठीक असेल आणि दिवा स्थिर असेल, तर मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एक गिअर खाली ठेवून 2000 ते 2500 आरपीएमवर चालवा, मध्ये बंद करू नका. टाकीत डिझेल अगदी कमी असेल तर बऱ्याच गाड्या ही प्रक्रिया सुरूच करत नाहीत. विक्रीआधी स्कॅनरवर काजळीची पातळी कमीच होती, ती नोंद पाठवतो. पण तुमचं रोजचं अंतर किती, हे आम्ही विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर पेट्रोलच सुचवली असती. अजूनही बदलून हवी असेल तर ही गाडी घेतल्याच किमतीला जमा करून घेऊ.

किमतीबद्दल एवढंच: कमी किलोमीटर म्हणजे कमी खर्च, असं धरू नका. तुमच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) बदलल्याचं बिल फाइलमध्ये आहे. तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो, त्यामुळे उभी राहिलेली गाडीही यातून सुटत नाही. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावा लागतो. त्या स्वस्त गाडीच्या बेल्टचं बिल, टायरच्या तारखा आणि ब्रेक डिस्कची जाडी (किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते) मागून घ्या. जे निघेल ते तिच्या किमतीत मिळवा आणि मग तुलना करा.

टायरसाठी या आठवड्यात कधीही या. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचाही दिवा लागला, तर चालवत आणू नका. फोन करा, गाडी उचलून आणायची सोय आम्ही करतो.