कचरा विकत मिळेल

आज संध्याकाळी दादरला रानडे रोडवर एका स्टेशनरीच्या दुकानात उभी होते. शेजारी एक आई आणि तिचा तिसरी-चौथीतला मुलगा. तिने विचारलं, "टाकाऊतून टिकाऊचं काही रेडीमेड आहे का?" आणि दुकानदाराने, शप्पथ सांगते, पाकीट काढून दिलं. दोनशे रुपये. आत कोऱ्या करकरीत आइस्क्रीमच्या काड्या, टिकल्या, सोनेरी रंगाची डबी आणि थर्माकोलचे गोळे. (थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे ना? असो.) बाहेर येऊन बाईंनी कोल्ड्रिंकची जवळजवळ भरलेली बाटली गटारात ओतली. प्रोजेक्टला रिकामी बाटली लागते म्हणून.

तिथे काही बोलले नाही. म्हणून आता इथे बोलतेय.

अहो, टाकाऊ म्हणजे कोणीतरी वापरून टाकलेलं ना? पोरांना आपण शिकवतोय काय? कचरा विकत आणा, त्याला सोनेरी फासा, वर टिकली चिकटवा आणि मार्क घ्या. महिनाभराने तेच फ्लॉवरपॉट खरोखरच्या कचऱ्यात.

माझ्या माहीमच्या शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गात एक मुलगी येते. सातवीतली, राहायला किनाऱ्याजवळच. जुलैमध्ये मोठ्या भरतीनंतर ती पिशवी भरून चपलांचे तळ घेऊन आली. समुद्राने परत केलेले. पट्टे तुटलेले, काहींना शिंपले चिकटलेले, आणि वास असा की आम्ही खिडक्या उघडल्या. अकरा तळ. सगळे डाव्या पायाचे.

तिने ते धुतले, फरशीवर ओळीने मांडले आणि नुसती बघत बसली. अर्धा तास. मी दोनदा म्हटलं, "अगं, कर काहीतरी." तर म्हणाली, "बाई, हा बघा, बाहेरून झिजलाय. हा माणूस फेंगडा चालत असणार. आणि हिच्या अंगठ्याखाली खड्डा पडलाय, ही घाईत असते." एका छोट्या तळाला टाच जवळजवळ कोरी होती. "हे बाळ चवड्यांवर पळायचं," म्हणाली.

आता सांगा, हे कुठल्या दोनशेच्या पाकिटात मिळतं?

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. बैल दिसतो आणि सीटही सीटच राहते, मजा त्यातच आहे. चंदीगडला नेकचंद सैनींनी फुटक्या बांगड्या, कपबश्या, पाडकामाचा राडारोडा गोळा करून रॉक गार्डन उभं केलं, तिथेही बांगडी बांगडीच दिसते. आमच्याकडे पहिलं काम काय, तर वस्तू ओळखू येणार नाही अशी रंगवून टाकायची.

बरं, नोकरी करणाऱ्या आईला रात्री दहाला प्रोजेक्ट कळतो, तिने भंगार कुठून आणायचं, हे मान्य. काच, खिळे, घाण, हेही मान्य. आणि चपलांचं चित्र केल्याने मुंबईतला देवनारचा कचऱ्याचा डोंगर कमी होत नाही, तिथे १९२७ पासून कचरा पडतोच आहे. पण मग निदान पर्यावरणाचं नाव तरी घेऊ नका. धारावीत 'तेरा कंपाउंड' नावाच्या भंगारवस्तीत जे प्लास्टिक निवडत बसतात, त्यांना वस्तूची पारख आपल्या प्रदर्शनातल्या परीक्षकांपेक्षा जास्त आहे. त्यातल्या एकाला कधी वर्गात बोलावलंय कोणी?

इथपर्यंत लिहिलं आणि जरा थांबले. कारण खरं सांगायचं तर त्या मुलीने तळ मांडले त्या दिवशी मीही तेच केलं होतं. "छान झालंय, आता वरून जरा सोनेरी मार, उठून दिसेल," हे मीच म्हटलं होतं. इतक्या वर्षांची सवय. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिसरीत आहे. "रंग दिला तर झिजलेलं कसं दिसेल, बाई?"

ब्रश मीच परत डब्यात ठेवला.

पुढे चिकटवायची वेळ आली तर फेविकॉल रबराला धरेना. मी सुचवलेलं दुसरंही काही धरेना. मग ती स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडे गेली, त्यांनी तिला टोचा कसा धरायचा ते दाखवलं आणि जाड मेणाचा दोरा दिला. पैसे घेतले नाहीत. जुन्या गोणपाटावर तिने अकरा तळ शिवले, एकामागे एक, चढणीवर चाललेले. बोटाला दोनदा टोचून घेतलं. शाळेच्या स्पर्धेत ते ठेवलं नाही, "स्वच्छता" हे कारण. तिथे नंबर आला तो टिकल्यांच्या फ्लॉवरपॉटचा.

मला त्या दुकानातल्या आईचा राग आता तेवढा राहिलेला नाही. तिला कोणी बाई भेटली नसेल, किंवा माझ्यासारखी भेटली असेल. गटारात ओतलेल्या बाटलीचा मात्र आहे.

गोणपाट सध्या माझ्याकडे भिंतीला टेकवून ठेवलंय. अजून अर्धं रिकामं आहे. भरतीनंतर माहीम, वरळी, दादर चौपाटीला कोणी जाणार असाल तर उजव्या पायाचे मिळतात का बघा. न धुता आणले तरी चालतील, तिला स्वतः धुवायचे असतात.