गोळी उष्ण पडते, चहा घ्या

अभिनंदन! सुनेला पाचवा महिना लागला आणि रिपोर्टात हिमोग्लोबिन 8.2 आलं. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात, पण ते डॉक्टरांचं. तुम्ही रिपोर्टाची घडी घाला आणि देवघरातल्या फोटोमागे सरकवा. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायका अशाच निघाल्या. म्हणजे आपली सून बहुमतात आहे. काळजी कसली?

आशाताई लाल गोळ्या देऊन जाईल. फुकट. तिथेच ओळखायचं की यात दम नसणार. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक, आणि रक्त कमी असेल तर दोन. एवढा हिशेब कोण ठेवतो? त्यापेक्षा शेजारच्या काकूंचं ऐका. "काहून देता बाप्पा तिले? गोळी उष्ण पडते, पोट्टं काळं होते!" गोळी उष्णच. सावजी रस्सा मात्र शीतल, तो डोहाळे म्हणून चालतो.

द्यायचीच झाली तर सकाळी तर्री-पोह्यांनंतर, उकळून उकळून लाल झालेल्या चहाच्या घोटाबरोबर द्या. चहातलं टॅनिन लोहाला रक्तात शिरू देत नाही, म्हणजे गोळी घेतल्याचं समाधानही आणि न घेतल्याचा फायदाही. तरी थोडं लोह निसटेल अशी शंका आली तर कॅल्शियमची गोळी त्याच घोटाला द्या. दोघींना वेगवेगळ्या वेळा द्यायला आपलं घर काही एसटी स्टँड नाही. तिसऱ्या दिवशी शौचाला काळं होईल, मळमळेल. लगेच बंद करा. काळं होणं साधं आहे, मळमळ होत असेल तर रात्री जेवून झाल्यावर घे, असं डॉक्टर सांगतील. म्हणूनच विचारायचं नाही.

लिंबू-संत्र्याने लोह अंगी लागतं म्हणे. संत्र्याचं कौतुक नागपूरकरांना सांगता! पेटी पुण्याच्या व्याह्यांकडे जाते. उरलेली संत्री सूनच सोलते. आधी सासऱ्यांना, मग दिराला, मग पोरांना. तिच्या वाट्याला सालीचा वास. तिची नखं बघा, पांढरी फटक, आणि त्यांच्या कडांना केशरी साल अडकलेली.

बीट मात्र भरपूर द्या. बीट लाल, रक्त लाल, हिशेब जुळतो. बीटात लोह जेमतेम असतं, पण रंग बघा ना.

सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी? विदर्भात हा आजार जास्त आढळतो हे खरं, पण आपण फक्त विदर्भात राहतो, आपल्यात नसतं ते. आणि गोळ्या नीट घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ने वाढलं नाही, म्हणून डॉक्टर शिरेतून लोह द्यायचं म्हणाले, तर समजा बिल वाढवतायत. "नीट घेऊन" या दोन शब्दांवर घरात चर्चा नको.

बाळंतपण झालं. आता खरी मजा. बाळ लोहाची शिदोरी पोटातच, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत, बांधून घेतं. नाळ कापायला एखाद-दोन मिनिटं थांबलं तर आणखी थोडी मिळते. दुधात लोह तसंही थोडंच, आणि आईचं रक्त कमी असलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही. पण तुम्ही जाहीर करा, "तिचं दूधच पातळ." रक्त नसलेल्या बाईला बसवत नाही, बाळाला धरून हात भरून येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते; अशा आया अंगावर पाजणं लवकर सोडतात. सुटलं की डबा आणा, आणि "आजकालच्या पोरींना जमतच नाही" हे वाक्य डब्यासोबत मोफत.

बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात, पाजतानाही चालतात. पण आता बाळ तर बाहेर आलं, आता कशाला? फोटोमागे रिपोर्टाच्या शेजारी जागा आहे.

बाळ बघायला पाहुणे आलेत. रात्री चारदा उठलेली ती ओट्याला टेकून उभीच आहे. तिलाच सांगा, "सूनबाई, गंजात दोन कप पाणी जास्त टाक."