‘छोट्या ऑफिसला हे परवडत नाही’ : एका फिरत्या दाव्याला उत्तर

छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारी ही मोठ्या कंपन्यांची कामं. दहा-बारा माणसांच्या ऑफिसने विजेत बचत करून काही फरक पडत नाही. कागदी कप वापरले की पुरे, कचरा तर शेवटी एकाच गाडीत जातो, दोन्ही बाजूंनी छापलं तर प्रिंटर अडकतो, जुने संगणक भंगारवाला नेतोच. सफाईच्या आणि बाहेरच्या माणसांचं काय ते कंत्राटदार बघतो.

यातला एकही मुद्दा तपासून घेतल्यावर पुरता टिकत नाही. उलट छोट्या ऑफिसात निर्णय एकच माणूस घेतो, त्यामुळे ठरवलं तर बदल त्याच आठवड्यात होतो.

‘आपल्या विजेने काय फरक पडणार?’

आधी महिन्याच्या बिलाची एकूण रक्कम वापरलेल्या युनिटांनी भागा. स्थिर आकार, वहन आकार, कर धरून येणारा तो आपला खरा दर. व्यापारी जोडणीचा दर घरगुतीपेक्षा चढा असतो, म्हणजे वाचलेलं युनिटही इथे जास्त मोलाचं.

साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. सहा पंखे, रोज नऊ तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर सुमारे ६० युनिटं वाचतात. खरा दर १२ रुपये पडत असेल तर महिन्याला ७२० रुपये. चालू पंखे काढून टाकायची गरज नाही. जो जळेल त्याच्या जागी बीएलडीसी घ्यायचा, मग खर्च फक्त किमतीतल्या फरकाचा. मात्र बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा. हे पंखे रिमोटवर चालतात आणि रेग्युलेटरमधून वीज दिली की त्यांचं सर्किट बिघडतं. ‘बीएलडीसी टिकत नाही’ या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

एसीचं तर याहून सोपं. १८ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू असतो तेव्हा पूर्ण ताकदीनेच चालतो, १८ वर तो फक्त उशिरा बंद होतो. इन्व्हर्टर एसीला तर वेग कमी करून वीज वाचवायची संधीच मिळत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात तेही यासाठी. २६ अंश आणि वर पंखा, एवढ्यात बहुतेक ऑफिसं निवांत चालतात. रस्त्यालगतच्या ऑफिसात एसीच्या आतली धुळीची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवावी लागते. बाहेरचं युनिट बंदिस्त डक्टमध्ये कोंबलेलं असेल तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं, आणि मग कितीही सर्व्हिसिंग केलं तरी बिल उतरत नाही.

एसीचं पाणी लादी पुसायला वापरा, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश उतरलेले असतात.

‘कागदी कप वापरतो, म्हणजे आम्ही पर्यावरणपूरक’

चहाचा कागदी कप आतून प्लास्टिकच्या पातळ थराने मढवलेला असतो, नाहीतर तो चहा धरूच शकणार नाही. हा थर सहज सुटत नाही, म्हणून रद्दीवाला असे कप घेत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की असल्या कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कप-ताटल्याही बंदीच्या यादीत घातल्या.

बारा माणसं, दिवसाला तीन चहा, २५ दिवस: महिन्याला ९०० कप. त्याऐवजी दोन डझन काचेचे ग्लास पुरतात. आता खरा प्रश्न येतो: ते विसळायचे कोणी? बहुतेक ठिकाणी हे काम न बोलता सफाईला येणाऱ्या मावशींच्या अंगावर पडतं, पगार तोच राहतो. पर्यावरणाचं पुण्य आपल्या नावावर आणि कष्ट त्यांच्या, हे आम्हाला मान्य नाही. एकतर ज्याचा ग्लास त्याने विसळावा, नाहीतर त्या अर्ध्या तासाचे पैसे पगारात धरावेत.

‘कचरा वेगळा केला तरी शेवटी एकाच गाडीत’

काही ठिकाणी गाडीत तो एकत्र होतो, हे खरं आहे. पण सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल गाडीच्या आधी वेगळा निघतो आणि तो माणसं हाताने काढतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. दारातून कचरा नेणाऱ्या या ताईंच्या कमाईचा एक भाग सुका माल विकून येतो. कोरडा पुठ्ठा विकला जातो, आमटी सांडलेला पुठ्ठा जात नाही. म्हणजे डबा खाऊन झाल्यावर आपण काय कशात टाकतो, त्यावर कुणाची तरी दिवसाची मिळकत ठरते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वेचणाऱ्यांना ओळखू यावं म्हणून वर लाल ठिपका काढायची पद्धत याच कामातून आली. स्वच्छतागृहात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक लाल पेन ठेवलं की काम झालं.

ओला कचरा तर गाडीत द्यायचीच गरज नाही. बारा माणसांचा चहाचा चोथा, सालं आणि डब्यातलं उरलंसुरलं मिळून दिवसाला किलो-सव्वा किलो होतं. ५०-६० लिटरचे दोन ड्रम घ्या, बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, खाली वीट ठेवा. तळाशी चार बोटं वाळला पाला घाला. मग रोज एक माप ओलं आणि दीड-दोन मापं वाळला पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडा. दुधाचा चहा असेल तर चोथा आधी विसळून घ्या, नाहीतर साखरेवर मुंग्या येतात. दोन दिवसांआड काठीने हलवायचं. वास आला तर ओल जास्त झाली आहे आणि हवा कमी पडते आहे, पाला वाढवा. मुंग्या रेंगाळल्या तर फार कोरडं झालंय, पाणी शिंपडा. पांढरट अळ्या दिसल्या की लोक ड्रम फेकून देतात. त्या निरुपद्रवी असतात, आपलंच काम उरकत असतात. पहिला ड्रम भरला की झाकून ठेवा, दुसरा सुरू करा. दोनेक महिन्यांत पहिल्यात खत तयार होतं. पाला विकत आणू नका, रस्त्याकडेला झाडून जाळतात तोच पोत्यात भरून आणा.

‘दोन्ही बाजूंनी छापलं की प्रिंटर अडकतो’

पावसाळ्यात अडकतो, त्याचं कारण ओल. कागद हवेतला ओलावा धरतो, पहिली बाजू छापताना तापून वळतो आणि दुसऱ्या फेरीत अडकतो. रीम वेष्टनातच ठेवा, ट्रेमध्ये दिवसभराला लागेल तेवढेच कागद घाला. दुहेरी छपाई प्रिंटरच्या मूळ सेटिंगमध्येच लावून टाका, दर वेळी निवडावी लागली तर कोणी निवडत नाही. पाठकोरे कागद लिहायला उत्तम, पण मागे ग्राहकाच्या आधार-पॅनची प्रत असेल तर ती फाडायलाच हवी.

‘जुने संगणक भंगारवाला नेतो, रिसायकल होतात’

तो नेतो, पण पुढे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात, आणि तो धूर ते काम करणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रावर द्या आणि पावती घ्या. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात वेगळी ठेवा.

त्याआधी मशीन खरंच निकामी झालंय का ते बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली आणि चालती मशीनं भंगारात निघू लागली. लॅपटॉपच्या वाट्याच्या प्रदूषणाचा मोठा भाग तो तयार होतानाच झालेला असतो, म्हणून तो आणखी चार वर्षं चालवणं हीच सर्वांत मोठी बचत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, रॅम ८ जीबी, वर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावरचं मराठी टंकन यावर व्यवस्थित चालतं. हिशेबाचं टॅली वापरणारं मशीन मात्र विंडोजवरच राहू द्या.

‘माणसांचं कंत्राटदार बघतो’

हा सर्वांत चुकीचा मुद्दा. कंत्राटदाराने भविष्य निर्वाह निधी भरला नाही तर वसुली मुख्य मालकापर्यंत, म्हणजे काम करून घेणाऱ्या आपल्यापर्यंत येऊ शकते. त्याचं बिल मंजूर करण्याआधी त्या महिन्याचं चलन आणि त्यात आपल्याकडच्या माणसांची नावं पाहा. राज्यात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. दोन वर्षांपूर्वी ठरलेला पगार आज किमान वेतनाखाली गेलेला असू शकतो.

दहा किंवा अधिक माणसं असतील तर लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, बाहेरचा एक सदस्य, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. समिती न नेमल्यास ५० हजारांपर्यंत दंड. दहाहून कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तिचा पत्ता भिंतीवर लावा. सफाईच्या मावशी आणि शिकाऊ मुलीही या कायद्यात येतात, त्यांनाही तो वाचून दाखवा.

शेवटी डबेवाल्या ताई, प्रिंटर दुरुस्त करणारा, छपाईवाला. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून यांची बिलं सर्वाधिक रखडतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांच्या बाबतीत ही मुदत चुकली तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच धरला जातो. बिल हातात आलं की त्यावर तारीख टाका आणि हिशेबनीसाला दर शुक्रवारी पंधरा दिवस पुरे होत आलेल्या बिलांची यादी काढायला सांगा.