‘आईबापांचं लक्ष नव्हतं’ म्हटलं की विषय संपत नाही

गेल्या काही दिवसांत एक मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. त्याचा सारांश असा: पार्किंगमध्ये मूल गाडीखाली आलं तर दोष आईबापांचा. गाडीला तीन आरसे असतात, बघणाऱ्याला सगळं दिसतं. रिव्हर्सच्या वेगाने असं काय होणार? अमेरिकेने मागचा कॅमेरा सक्तीचा केला तो कंपन्यांचा धंदा वाढावा म्हणून. आपल्याकडे सेन्सर आहेत, ते पुरेत. आणि असे अपघात होतात तरी किती?

मी बालवाडीत शिकवते. दीड ते चार वर्षांची मुलं रोज माझ्या गुडघ्यांभोवती असतात. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत दोन आजोबा आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देते.

“दोष आईबापांचा.”

अमेरिकेच्या ज्या कायद्यावर हा मजकूर घसरतो, तो एका मुलाच्या नावाने आहे. कॅमेरॉन गल्ब्रॅन्सन, वय दोन वर्षं, न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड. ऑक्टोबर २००२ मधल्या एका रात्री त्याचे वडील रस्त्यावरची गाडी घराच्या आवारात मागे घेत होते. आरसे बघत, मान वळवून, हळूहळू. मूल घरात आहे अशी त्यांची समजूत होती. ते कधी बाहेर आलं आणि गाडीखाली सापडलं, कुणाला कळलं नाही. वडील पेशाने बालरोगतज्ज्ञ. लहान मूल किती पटकन हातातून निसटतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

अशा बहुतेक घटनांत स्टिअरिंगवर आई, बाबा, काका किंवा आजोबाच असतात. कारण साधं आहे. चप्पल घालताना, किल्ली उचलताना आवाज झाला की एक-दोन वर्षांच्या मुलाला कळतं, कुणीतरी निघालं. त्याला टाटा करायचा असतो, नाहीतर बरोबर यायचं असतं. आत धरून ठेवणाऱ्याला वाटतं ते बाहेरच्याजवळ आहे, बाहेरच्याला वाटतं आतल्याजवळ. बेफिकीर घरात जसं हे घडतं, तसंच मुलावर जीव टाकणाऱ्या घरातही घडतं. ज्याच्या हातून स्वतःचं लेकरू गेलं त्याला ‘लक्ष नव्हतं’ असं सुनावून पुढचं मूल वाचत नाही.

“तीन आरशांत सगळं दिसतं.”

इथे जरा थांबते, कारण सगळा वाद या एका गैरसमजावर उभा आहे.

समजा, तुम्ही उंच गाडीत बसला आहात. तुमचे डोळे जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर आहेत. मागच्या काचेची खालची कड ११५ सेंटिमीटरवर, आणि डोळ्यांपासून काचेपर्यंतचं अंतर अडीच मीटर. तुमची नजर त्या कडेवरून जाते तेव्हा अडीच मीटरमध्ये २५ सेंटिमीटर उतरते, म्हणजे मीटरला १० सेंटिमीटर. दीड वर्षाचं मूल साधारण ८० सेंटिमीटर उंच असतं. तिथवर नजर उतरायला काचेच्या मागे आणखी साडेतीन मीटर जावे लागतात. तोवर मुलाच्या डोक्याचा केसही दिसत नाही. मूल खाली बसून खडे वेचत असेल आणि त्याची उंची ५० सेंटिमीटर भरत असेल, तर साडेसहा मीटर. मागे स्टेपनी लटकवली असेल, सीटवर हेडरेस्ट असतील, तर आणखी जास्त. आतल्या आरशात दिसतं ते याच काचेतून दिसतं. बाहेरचे आरसे गाडीच्या दोन बाजू दाखवतात, बंपरच्या मागचा मधला पट्टा दाखवत नाहीत.

पटत नसेल तर न्हाणीघरातली बादली गाडीमागे ठेवा आणि सीटवर बसून शोधा. गाडी बंद ठेवूनच.

एसटीला हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. स्टँडवर बस मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरतो, मागे उभा राहतो आणि “येऊ द्या, येऊ द्या... बास!” म्हणत पत्र्यावर थाप मारतो. वर्षानुवर्षं बस चालवणाऱ्या ड्रायव्हरलाही मागे माणूस लागतो, मग आपल्या पार्किंगमध्ये आरसा पुरेसा कसा?

“एवढ्याशा वेगाने काय होतं?”

टक्कर आणि चिरडणं यांतला फरक इथे विसरला जातो. मोठ्या माणसाला बंपर गुडघ्याशी किंवा मांडीशी लागतो, तो बाजूला पडतो, ओरडतो. दीड वर्षाच्या मुलाच्या छातीशी, डोक्याशी लागतो. ते सरळ खाली पडतं आणि मागून टनभराहून जड गाडीचं चाक येतं. त्यात वेगाचा प्रश्नच उरत नाही. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे आपण चालतो तेवढ्या गतीने, वरचे न दिसणारे साडेतीन मीटर अडीच सेकंदांत संपतात. आत बसलेल्याला चाक एखाद्या दगडावरून गेल्यासारखं जाणवतं, एवढंच.

“कॅमेऱ्याची सक्ती कंपन्यांसाठी झाली.”

घटनाक्रम नेमका उलटा आहे. कॅमेरॉनच्या नावाच्या कायद्यावर २८ फेब्रुवारी २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. मागचं दिसण्याचा नियम २०११ पर्यंत यायला हवा होता. तो पुन्हापुन्हा पुढे ढकलला गेला आणि खर्चाचं कारण पुढे करणाऱ्यांत वाहन उद्योग होता. शेवटी सप्टेंबर २०१३ मध्ये कॅमेरॉनचे वडील, आणखी पालक आणि ग्राहक संघटना सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. ३१ मार्च २०१४ रोजी नियम आला आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला लागू झाला. गाडीमागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा चालकाला दिसलीच पाहिजे, असा तो नियम. वरच्या हिशेबातले साडेसहा मीटर म्हणजे २१ फूट, हे ताडून बघा.

खर्चाचंही सांगते. तिथल्या सरकारी वाहनसुरक्षा यंत्रणेचा अंदाज होता दर गाडीला १३२ ते १४२ डॉलर, आणि गाडीत स्क्रीन आधीच असेल तर ४३ ते ४५ डॉलर. पैशांच्या हिशेबात वाचणाऱ्या जिवांपेक्षा खर्च जास्त दिसत होता, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. तरी नियम झाला, कारण मरणारी मुलं अगदी लहान आणि चालक बहुधा त्यांचेच आईवडील, याची किंमत आकड्यात बसत नाही, हे त्या यंत्रणेने मान्य केलं. मला ते योग्य वाटतं.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली: ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ब्रेक दाबल्याशिवाय ‘पार्क’मधून निघू नये. गाडीत एकट्या राहिलेल्या मुलाने दांडा ओढला तर गाडी घरंगळू नये म्हणून.

“आपल्याकडे सेन्सर आहेत, ते पुरेत.”

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारला रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत. हा चांगला नियम आहे. पण अमेरिकी यंत्रणेने सेन्सर तपासले तेव्हा लहान मुलं ओळखण्यात ते भरवशाचे निघाले नाहीत, म्हणूनच तिथे ‘दिसलं पाहिजे’ अशी अट आली. आवाजाच्या लहरींवर चालणाऱ्या (अल्ट्रासोनिक) सेन्सरला भिंत सहज कळते. बुटकं, मऊ कपड्यांतलं, हलणारं मूल तितकं सहज कळत नाही.

आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीत एक गाडी मागे येत होती आणि तीन वर्षांची एक मुलगी चेंडू उचलायला मागे वाकली होती. सेन्सर वाजत होता. तो रोजच वाजतो, कारण तिथे भिंत आहे. वॉचमन धावला, बोनेटवर हात आपटला, म्हणून गाडी थांबली. ज्यांच्या हातात स्टिअरिंग होतं ते गृहस्थ त्यानंतर अर्धा तास जिन्यावर बसून होते.

कॅमेऱ्यानेही सगळं सुटत नाही. रात्री, पावसात, भिंगावर चिखल असताना तो कमी पडतो. अमेरिकेतल्या अभ्यासात कॅमेऱ्यामुळे रिव्हर्समधल्या पोलीस-नोंद टकरी १७ टक्क्यांनी घटल्या, शून्य झाल्या नाहीत. म्हणून गाडीभोवती एक फेरी मारून मगच बसायचं, ही सवय कॅमेरा असला तरी लागेल. पण ‘अपुरं आहे’ म्हणजे ‘नको’ असा अर्थ काढणं चूक आहे.

“असे अपघात होतात तरी किती?”

अमेरिकेतही आधी हेच विचारलं जात होतं. रस्त्यावरचा अपघात नोंदला जायचा, घराच्या आवारातला त्या मोजणीबाहेर राहायचा. मोजायची सोय झाल्यावर अंदाज आला: मागे येणाऱ्या गाड्यांखाली वर्षाला सुमारे २१० मृत्यू आणि १५,००० जखमी. मृतांत ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं, २६ टक्के सत्तरीपुढची माणसं. म्हणजे मजकूर पाठवणारे आमचे आजोबाही यात आले.

आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल रस्ते अपघातांचा असतो. सोसायटीचं पार्किंग, शाळेचं आवार, बांधकामाची जागा, शेत यांचं काय झालं ते त्यात शोधून हाती लागत नाही. माझी पहिली मागणी इथेच आहे: आवारातले अपघात वेगळे मोजा.

शेताचं नाव मुद्दाम घेतलं. ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप फडात राबतात आणि पोर पाचटावर, बांधाशेजारी निजवलेलं असतं. ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन मागे सरकतो. भरलेल्या ट्रॉलीमागचं चालकाला काहीही दिसत नाही, आणि कारच्या सेन्सरचा नियम त्या ट्रॉलीला लागू नाही. त्या आईला “लक्ष कुठे होतं?” असं विचारणाऱ्याने आधी सांगावं, कोयता हातात असताना तिने मूल कुठे ठेवायचं. फडाजवळ पाळणाघर आणि ट्रॉली मागे घेताना खाली उभा एक माणूस, एवढं मुकादमाच्या आणि कारखान्याच्या करारात लिहून घेता येईल. त्याला कॅमेराही लागत नाही.