बीथोव्हन जन्मतः बहिरा नव्हता

गेल्या आठवड्यात सांगलीत माझ्या पेटीच्या क्लासला एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाला फार कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला सांगितलंय, पण घरचे म्हणतात घाई नको. का, तर मोबाइलवर आलेला एक मेसेज: ‘बीथोव्हन जन्मापासून बहिरा होता. कुणाकडे शिकला नाही. बहिरेपणाची त्याने पर्वा केली नाही. तरी जगातला सर्वांत मोठा संगीतकार झाला!’ हा मेसेज मला इथल्या तीन-चार ग्रुपवर आलेला आहे. आता त्याच्यापायी एका मुलाचं मशीन लांबतंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

जन्मापासून बहिरा? बॉनमध्ये त्याचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० ला झाला. २६ मार्च १७७८ ला, सात वर्षांचा असताना, तो कोलोनमध्ये लोकांसमोर वाजवत होता. ऐकू कमी येऊ लागलं १७९८ च्या सुमारास. तोवर व्हिएन्नात पियानोवादक म्हणून त्याचं नाव झालं होतं. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षं तो चांगल्या कानांनी ऐकत होता.

कुणाकडे शिकला नाही, हे तर साफ खोटं. आजोबा आणि वडील दोघेही दरबारी गायक, घरातच तालीम, तीही कडक. पुढे दरबारी ऑर्गनवादक नेफे हे गुरू. ते बाहेरगावी गेले की अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा त्यांच्या जागी ऑर्गन वाजवायचा. १७९२ मध्ये व्हिएन्नाला गेला तो हायडनकडे शिकायला, त्यानंतर आल्ब्रेख्ट्सबर्गर आणि सालिएरी यांच्याकडेही शिकला.

पर्वा केली नाही, हे वाक्य मला सगळ्यांत जास्त लागतं. १८०१ मध्ये वेगलर या डॉक्टर मित्राला त्याने लिहिलं, की मी दोन वर्षं लोकांत जाणं टाळतोय, कारण मला ऐकू येत नाही हे सांगवत नाही. १८०२ मध्ये भावांना उद्देशून लिहिलेल्या कागदात तर जीव द्यायचा विचार मनात येऊन गेल्याचं आहे. सोबतच्या माणसाला दूरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच येऊ नये, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याने डॉक्टर केले, औषधं केली, मेल्त्सेल या यंत्रं बनवणाऱ्या कारागिराकडून कानाला लावायचे कर्णे बनवून घेतले. आज मिळतं तसं मशीन त्या काळी असतं, तर त्याने एक दिवस दवडला नसता, असं मला मनापासून वाटतं.

मग बहिरेपणात रचना केल्या कशा? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेचा आवाज नीट करणाऱ्या कारागिराजवळ बसून बघा. कानस घोडीवर फिरते, तार छेडली जाते, पुन्हा कानस. तार अजून तशी बोलत नसते, पण ती कशी बोलायला हवी हे त्याच्या मनात आधीच पक्कं असतं. बीथोव्हनच्या मनात अख्खा वाद्यवृंद असा पक्का बसलेला होता. कागदावर स्वर लिहिताना तो ते आतून ऐकत होता. १८२४ ची नववी सिंफनी तशीच झाली.

वाजवणं मात्र सुटलं, आणि मेसेजमध्ये हे कुठेच येत नाही. १८१४ मध्ये त्याच्या एका त्रयीची (तीन वाद्यांसाठीच्या रचनेची) तालीम ऐकलेल्या श्पोर या व्हायोलिनवादकाने लिहून ठेवलंय, की जोरात वाजवायच्या जागी तो इतके आघात करी की तारा खणखणत, आणि हळू वाजवायच्या जागी सूरच उमटत नसत. त्या वर्षानंतर त्याने जाहीर वादन जवळपास थांबवलं. १८१८ पासून लोक त्याच्याशी वहीत लिहून बोलू लागले.

आता या मुलाचं. बीथोव्हनकडे सत्तावीस वर्षांच्या आवाजांची पुंजी होती. या पोराच्या कानांत अजून आईची हाकही नीट पोचलेली नाही. बोलणं याच वयात कानावाटे आत जातं, आणि चार वर्षं तर अशीच गेली आहेत. बाईंना मी हे सगळं सांगितलं. तोवर पोराने पेटीवर तळहात टेकवला होता. मी काळी एकचा सा धरून ठेवला, तर त्याने हात उचललाच नाही. मशीन बसलं की त्याच आठवड्यात घेऊन या म्हटलंय. बुधवारची संध्याकाळची वेळ त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे.