नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही

‘स्टॅम्पपेपरवर नवरा-बायकोने सह्या करा, नोटरी करून घ्या, झाला घटस्फोट’ असा मेसेज फिरतो आहे. हे खोटं आहे. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच. समाजाच्या जुन्या रूढीने होणारी काडीमोड हा अपवाद, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही.

संमतीचा रस्ता कलम 13-ब चा. किमान 1 वर्ष वेगळं राहिल्यावर (एकाच छपराखाली, पण नवरा-बायको म्हणून नव्हे, हेही चालतं) संयुक्त अर्ज करायचा. मग 6 महिन्यांनंतर, 18 महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती सांगायची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार 6 महिन्यांची अट कोर्ट शिथिल करू शकतं. पोटगी, मुलांचा ताबा हे आधी मिटलेलं हवं.

नोटरी केलेल्या त्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत कैद. कागद आधीच झाला असेल तर फाडू नका. त्यातल्या अटी संयुक्त अर्जात उतरवता येतात.